यादीत नसलेला रूपजी

सामना चारला असला तर रूपजी तीनलाच मैदानावर हजर असायचा, आणि तोही अनवाणी. खांद्यावर तांदळाचं एक रिकामं पोतं. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत तो सरळ चालत जायचा, तिथून दोन पावलं बाजूला सरकायचा आणि परत यायचा. वाटेत सापडेल ते पोत्यात जायचं: खडे, बाटल्यांच्या काचा, सुरूची बोंडं. खेकड्यांची बिळं तो टाचेनं दाबून बुजवायचा. आमचं फुटबॉलचं मैदान डहाणूच्या किनाऱ्याला, सुरूच्या बनामागे आहे. तिथं खेकड्यांचा हक्क आमच्या मंडळापेक्षा जुना. बाकीचे आम्ही तोवर सावलीत बुटांच्या नाड्या बांधत, केसांवरून हात फिरवत बसलेलो असायचो. चोवीस वर्षं तो खेळला, पुढे नऊ वर्षं मॅनेजर होता, आणि एवढ्या काळात त्यानं मैदान तुडवल्याशिवाय सामना सुरू झाल्याचं मला आठवत नाही. मला ते निव्वळ नाटक वाटायचं.

मला रूपजीचं सगळंच नाटक वाटायचं, कारण मी त्याच्यावर जळत होतो. हे लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. लोक समजतात की आमची जिवाभावाची जोडी होती. फोटोंत आम्ही शेजारी शेजारीच आहोत. फोटोत पोटातलं दिसत नाही, एवढंच.

आम्ही दोघं एकाच दिवशी मंडळात आलो, सतराव्या वर्षी. वडील रेल्वेत होते. त्यांनी मला मुंबईहून खिळ्यांचे बूट आणून दिले होते. त्या काळी डहाणूत तसे बूट कुणाकडेच नव्हते. निवड चाचणीला मी चेंडू घेतला आणि एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसरा तर घसरून पडला. पुढे एक काळासावळा, हडकुळा मुलगा उभा होता, अनवाणी. तो पुढे आला नाही की मागे गेला नाही. मी डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो, चेंडूवर पाय फिरवला, माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं करून दाखवलं. तो माझ्या पायांकडे बघतच नव्हता. शेवटी चेंडू एका खड्ड्याला लागून उडाला आणि अलगद त्याच्या पायाशी गेला. त्यानं तो बाजूला ढकलला आणि मला म्हणाला, "तठं खड्डा हाय. मी मघाशीच बघितला."

तलासरीकडच्या एका पाड्यावरचा हा मुलगा चिकूच्या हंगामात नरपडच्या एका वाडीत मजुरीला यायचा आणि तिथंच राहायचा. लांब काठीच्या टोकाला जाळी लावलेली बेडणी घेऊन दिवसभर चिकू काढायचा आणि संध्याकाळी चेंडूला पाय लावायचा. हंगाम संपला की तलासरीहून सायकल मारत यायचा. शाळा चौथीपर्यंत. वाचताना ओठ हलायचे, सही करायला अर्धं मिनिट लागायचं. तो मागच्या फळीत स्टॉपर झाला, मी फॉरवर्ड झालो. गोल करणारा मी आणि गोल अडवणारा तो, म्हणजे माझं नाव व्हायला हवं होतं. पहिली दोन-तीन वर्षं तसं झालंही. नंतर मात्र काहीतरी बिनसलं.

एकदा आशागडच्या संघाविरुद्ध मी तीन गोल मारले. तीन! दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी घ्यायला गेलो ते थोडा हळूच चालत गेलो, लोकांना थांबवायला सोपं जावं म्हणून. भाजीवाल्या मावशीनं थांबवलंही. म्हणाली, "काल रूपजीने रेषेवरून बॉल काढला ना, माझा मुलगा अजून तेच सांगतो आहे." पुढे चहावाल्यानं तेच सांगितलं. दाढी करायला बसलो तर न्हाव्यानं वस्तरा थांबवून तोच बॉल पुन्हा काढून दाखवला. माझे तीन गोल कुणाच्या घरी जेवायला गेले होते देव जाणे.

घरची कथा वेगळी नव्हती. सामन्याच्या दिवशी वडील सदरा चढवता चढवता विचारायचे, "आज रूपजी आहे ना?" स्वतःचा मुलगा आहे की नाही हे विचारायची त्यांना गरज वाटत नसे. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, तुम्ही माझा खेळ बघायला येता की त्याचा?" ते शांतपणे म्हणाले, "तुझा खेळ बघायलाच येतो रे. पण तो मागे असला की जीव थाऱ्यावर राहतो." त्या वाक्यानं मला जे झालं ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी मुद्दाम एकही पास रूपजीकडे परत दिला नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही; तो आपला मागे उभा.

"मी हायच." हे त्याचं वाक्य. सामना ऐन सणाच्या दिवशी आला, अर्धी पोरं गायब, कुणीतरी त्याला विचारलं, "रूपजी, जमेल ना?" की तो म्हणायचा, "मना काय, मी हायच." ताप असला तरी हायच. सासऱ्याच्या तेराव्याहून थेट मैदानावर आला तेव्हाही हायच. मी नोकरीच्या परीक्षेला गेलो, मावसभावाच्या लग्नाला गेलो, दोनदा नुसता रुसून घरी बसलो. मी नसलो की लोक म्हणायचे, "हेमंत नाही? बरं." आणि मला कळायचं की नसण्यातही माझं काही वजन नाही. तो कधी नसायचाच नाही, त्यामुळे त्याचं वजन कुणी करून पाहिलं नव्हतं. तो कॅप्टन झाला तेव्हा मतदानसुद्धा झालं नाही.

तेहतिसाव्या वर्षी माझा गुडघा गेला. मी खेळणं थांबवलं तेव्हा मंडळानं चहासुद्धा ठेवला नाही. तहसील कचेरीत कारकून होतो, अक्षर चांगलं, म्हणून मला चिटणीस केलं. म्हणजे संघाची यादी करा, अर्ज भरा, आगरच्या संघाला पत्र लिहा. मी सुट्टीत मुंबईला जाऊन प्रशिक्षकाचा कोर्सही केला. त्याचं प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं. मनात एकच हिशेब होता: रूपजी आज ना उद्या थांबेल, मॅनेजरची जागा तयार होईल, आणि तिथं चौथी शिकलेला माणूस चालणार नाही. आयुष्यात एकदा मला त्याच्या पुढे उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं.

तो एकेचाळिसाव्या वर्षी थांबायचं म्हणाला. शेवटचा सामना तलासरीला, त्याच्या स्वतःच्या गावाजवळ, तालुक्याच्या स्पर्धेतला. मंडळानं ठरवलं की तो तिथं शेवटचा खेळेल आणि सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध शाल, श्रीफळ, हार, भाषण. हाराची ऑर्डर द्यायला मलाच पाठवलं. फुलवाला म्हणाला, "रूपजीसाठी ना? मग डबल पदरी करतो, माझ्याकडून." मी त्याच्या दुकानातून बाहेर पडलो तेव्हा माझे कान गरम झाले होते.

त्याच दुपारी कचेरीत बसून मी संघाची यादी टाईप केली. अठरा नावं चालत होती. मी अठरा लिहिली. त्यात रूपजीचं नाव लिहिलं नाही. विसरलो नाही, घाईत राहिलं नाही. त्याचं नाव जिथं यायचं तिथं मी हात थांबवला, मग एका राखीव पोराचं नाव टाकलं. यादीत नाव नाही तर मैदानात पाय ठेवता येत नाही, हा नियम. खाली कॅप्टनची सही लागते. मी तसाच नरपडच्या वाडीत गेलो. रूपजी झाडाखाली चिकू निवडत बसला होता. त्यानं हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. ओठ हलत होते. मी स्वतःला सांगितलं की याला टाईप केलेलं कुठलं वाचता येतंय.

"टाकू सही?" त्यानं विचारलं.

"टाक," मी म्हणालो.

त्यानं अर्धं मिनिट घेऊन सही केली.

सामन्याच्या दिवशी पाड्यावरून टेम्पो भरून माणसं आली होती. त्याची बायको, भाऊ, म्हातारी आई, सगळी नव्या कपड्यांत मैदानाच्या कडेला बसली होती. रूपजीनं सकाळीच अनवाणी मैदान तुडवून घेतलं होतं. मग आयोजकांनी यादी वाचली आणि त्याचं नाव आलं नाही. एकच गलका झाला. मी कपाळावर हात मारला, "अरे देवा, टायपिंगमध्ये राहिलं!" असं म्हणालो, आणि ते मला फार छान जमलं. सगळे आयोजकांना विनवू लागले. नियम म्हणजे नियम, असं उत्तर मिळालं. रूपजीनं बूट सोडले, जर्सी काढून राखीव पोराच्या हातात दिली आणि म्हणाला, "नाव नाय त नाय. मी हायच."

आणि तो बाहेर रेषेला जाऊन उभा राहिला. पहिल्या हाफमध्ये आम्ही एका गोलनं मागे होतो. हाफ टाइमला मी माझ्या कोर्समधलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर पोरं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. रूपजी उकिडवा बसून बोटानं मातीत रेघ मारत होता. "त्या कोपऱ्यात माती भुसभुशीत हाय," तो म्हणाला. "त्यांचा बॅक तठं वळला का पाय रुततो. बॉल तठंच टाका. सारखा तठंच." बस, एवढंच. बॅक दोनदा वळला, दोनदा रुतला आणि आम्ही दोन गोल केले. हार त्याच्या गळ्यात पडलाच, शिवाय त्याच संध्याकाळी, मैदानातच, कमिटीनं ठरवलं की मॅनेजर रूपजी. कोर्स केलेला माणूस हातात फाईल धरून तिथंच उभा होता. रूपजीला मॅनेजर मी केलं, माझ्या या दोन हातांनी. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

मॅनेजर म्हणून त्याची पद्धत चिकूच्या वाडीतली. चिकू बाहेरून तयार आणि कच्चा सारखाच दिसतो, तपकिरी. झाडावरून काढायच्या आधी नखानं साल जरा खरवडून बघतात. आत हिरवं दिसलं तर ठेवायचा, पिवळसर दिसलं तर काढायचा. घाईनं काढलेला चिकू पिकतच नाही, नुसता सुरकुततो. रूपजी पोरांच्या बाबतीत तेच बोलायचा. एखादा पोरगा सरावात फार चमकला की आम्ही म्हणायचो, घ्या याला. रूपजी त्या पोराला हरलेल्या सामन्यानंतर जाळी गुंडाळायला लावायचा आणि त्याचं तोंड बघायचा. मग मला सांगायचा, "आजून हिरवा हाय. नाव नको लिवू." त्याचा अंदाज चुकला असता तर मला किती आनंद झाला असता! नऊ वर्षं मी वाट बघितली. यादी मीच लिहायचो. आधी कागदावर, मग मोबाईलवर. नावं तो सांगायचा. माझी बायको म्हणायची, "तुमच्या दोघांचं छान जमतं हो." मी हं म्हणायचो.

त्यानं पूर्ण संघाला मैदान तुडवायला लावलं. अठरा पोरं अनवाणी, ओळीनं, आणि पुढे पोतं घेतलेला रूपजी. मलाही म्हणाला, "हेमंतभाई, चप्पल काढ. बरा वाटंल." मी माझ्या गुडघ्याचं कारण पुढे केलं. गुडघ्याचा आणि चपलेचा काय संबंध हे त्यानं विचारलं नाही.

यंदा तलासरीजवळच्या एका निवासी शाळेनं त्याला खेळाच्या शिक्षकाचं काम दिलं. राहायला खोली आणि शंभरावर मुलं. तो मंडळ सोडणार म्हटल्यावर एका सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. नवा मॅनेजर कोण हे त्याच दिवशी ठरायचं होतं, आणि कमिटीनं ते रूपजीवर सोपवलं होतं. मी सारखा सदरा नीट करत होतो. या वयात, एका लहानशा मंडळाच्या मॅनेजरकीसाठी!

रूपजी बोलायला उभा राहिला. माईक त्यानं बाजूला केला.

"माझा शेवटचा सामना होता तलासरीला," तो म्हणाला, "तेव्हा यादीत माझा नाव नव्हता. सगळं बोलं, चूक झाली. चूक नाय झाली. सही करताना मी एक एक नाव वाचला होता. अठरा नावं. माझा नाय." दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. "दोन वरसं माझं पाय ऐकत नव्हतं. मना समजत होता. पन मी बोललो का पाय दुखतं, त सगळं बोलायचं, रूपजी हाय ना, चल. कोन मना थांब बोललाच नाय. एकटा हेमंतभाई बोलला. तोंडानं नाय, कागदावर बोलला. म्हणून मी सही केली. कोनाला कधी काढायचा, त याला समजतं. माझ्या जागेवर त्यालाच ठेवा."

टाळ्या पडल्या. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी म्हणालं, "हेमंतराव, मोठं मन लागतं याला." ज्या जागेसाठी मी सतरा वर्षं तळमळलो ती मला मिळाली होती, आणि ती माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात नीच कामाचं बक्षीस म्हणून मिळाली होती. त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला. एखाद्याबद्दल इतका चांगला विचार करायला मला कधीच जमलं नसतं.

त्याला सोडायला मी एसटी स्टँडवर गेलो. तलासरीची गाडी लागायची होती. त्याच्याकडे एक पेटी, एक पिशवी आणि ते पोतं, एवढंच सामान. मी म्हटलं, "रूपजी, ते मी तुझ्या भल्यासाठी नव्हतं केलं."

त्यानं पोतं घडी करून पेटीवर ठेवलं.

"मला तुझा सत्कार बघवत नव्हता. तू शेवटचा सामना खेळू नयेस, त्या हाराची शोभा जावी, म्हणून मी नाव वगळलं. मी जळत होतो तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून. अजून जळतो."

त्यानं पिशवीतून एक चिकू काढला, सवयीनं नखानं खरवडला, बघितला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "मना वाटला होता थोडा."

"मग सभेत तसं का बोललास?"

"तू नाव का नाय लिवला, त तुझा. माझं पाय थकलं होतं, त माझा. मी माझा सांगितला." गाडी आली. त्यानं पेटी उचलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून माझ्याकडे बघून हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "आन हेमंतभाई, सोळा वरसं तू फॉरवर्ड खेळलास. पन एवढा बरोबर नेम तुझा दुसरा लागला नाय."

कंडक्टरनं घंटी मारली आणि तो गेला. मी स्टँडवर एकटाच हसत होतो आणि डोळे पुसत होतो. शेजारची बाई आपली पिशवी जवळ ओढून थोडी लांब जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीच्या अध्यक्षांकडे गेलो, खरं काय ते सांगितलं आणि मॅनेजरकी नको म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "काल रात्री रूपजीचा फोन आला होता. म्हणाला, हेमंतभाई उद्या येईल, काहीतरी सांगेल, ऐकून घ्या, पण राजीनामा घेऊ नका." म्हणजे इथंही तो माझ्या आधी येऊन उभा होता. मला पुन्हा राग आला, जुन्या सवयीनं.

रविवारी माझा पहिला सामना. मी चारच्या सामन्याला साडेतीनला गेलो, हातात फाईल, गळ्यात शिट्टी. पोरं सावलीत नाड्या बांधत होती. कुंपणापाशी रोज येऊन बसणारे एक म्हातारे रेल्वेवाले काका आहेत, वडिलांच्या बरोबरचे. त्यांनी मला बघितलं, मान लांब करून मैदान बघितलं आणि विचारलं, "आज रूपजी नाही का रे?"

"नाही काका," मी म्हणालो. "मी आहे."

"बरं," ते म्हणाले.

तेच ते बरं. मी फाईल त्यांच्या हातात दिली, चपला काढून त्यांच्या बाकाखाली सरकवल्या आणि गोलच्या खांबापासून चालायला लागलो. चौथ्या पावलाला पायाखाली बीळ लागलं.